व्हाळाच्या अलीकडे

१३ डिसेंबर, शुक्रवार

काय ही थंडी! मोबाईल चौदा दाखवतो. दिल्लीची माणसं हसतील चौदाला. हसू देत. त्यांच्याकडे रजया असतील, भिंती जाड असतील. आमच्याकडे माझ्या जुन्या साड्यांच्या गोधड्या आणि डोक्यावर कौलं, त्यातून वारा पाहिजे तसा ये-जा करतो. पहाटे डोंगराकडून सुटतो तो उन्हं वर येईपर्यंत थांबत नाही. सकाळी अंगणातलं दंव पायाला झोंबतं.

न्हाणीतली चूल आता दिवसभर धुमसत ठेवते. ह्यांची खाट त्याच भिंतीला लावली आहे. भिंत कोमट राहते. हे तिच्यावर तळहात टेकून पडून असतात.

काल कुडाळला डॉक्टर म्हणाले, "काकी, थंडी लागू देऊ नका. आता परत छाती भरली तर अवघड आहे." अवघड म्हणजे काय ते मी विचारलं नाही. एकतीस वर्षं अंगणवाडीत काढली, डॉक्टर लोक कुठला शब्द कधी वापरतात ते मला कळतं. कागदावर लिहिलंय — गुणाजी, वय ७४, दमा. चाळीस वर्षं ओल्या कपड्यात होडीवर काढली, वर विड्या. डोळे काचबिंदूने चार वर्षांपूर्वीच गेले. कान मात्र शाबूत! वाळूत पाऊल वाजलं तरी सांगतात कोण आलं ते.

१४ डिसेंबर

देवगडहून नणंदेचा फोन. प्रेमलता खूश आहे — थंडीने कलमं भरभरून मोहरली म्हणे. बरं झालं बाई. कोणाला तरी लाभू दे ही थंडी.

१५ डिसेंबर, रविवार

व्हायचं तेच झालं. दाजी दुपारी धापा टाकत आला. ह्यांचा होडीवरचा जोडीदार, वय सत्तर आणि चेहऱ्यावर पोरासारखा आनंद. "वयनी, देवान कौल दिल्यान! येत्या आयतवारपासून गावपळण!"

चार वर्षांनी आली आणि आली ती ह्या थंडीत. तीन दिवस तीन रात्री सगळा गाव व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, शिवेबाहेर. माणसं, ढोरं, कोंबड्या, कुत्री — मागे कोणी राहायचं नाही. गाव देवाचा. माळावर झावळ्यांच्या खोपी. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला की परत यायचं.

एरवी मला आवडते की! लग्न होऊन आले त्याच वर्षी होती. सासूला चुकवून ह्यांनी मला व्हाळातल्या खेकड्यांचं सार करून घातलं होतं. तिखट असं की डोळ्यातून पाणी. "रडतंस कित्याक?" विचारत होते आणि स्वतःच हसत होते.

दाजी बोलत होता तेव्हा हे खाटेवर उठून बसले. महिनाभरात आपलं आपण उठले नव्हते. "माझी खोप तुझ्या बाजूक घाल रे," म्हणाले.

मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

१६ डिसेंबर

भांडण. मी म्हटलं, आपण कुडाळला प्राजक्ताकडे जाऊ. शिवेबाहेरच आहे ना कुडाळ? देवाला चालतं. लेक आहे, पक्कं घर आहे, दवाखाना जवळ.

"माका कुडाळाक नको. गावपळण गावाबरोबर करूची असता."

"उघड्या माळावर? ह्या थंडीत?"

"शिवेर मेलंय तरी चलात."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मेलात तर मी मागे काय करायचं तेही सांगून ठेवा! फार मोठ्याने बोलले. ह्यांनी चाचपडत माझा पदर धरला आणि तसेच बसून राहिले. कुडाळला नेणं तसंही कठीणच. पावसाळ्यात आठ दिवस ठेवलं होतं तर जेवण सोडलं होतं.

रात्रभर छाती शिट्टी वाजवत होती. दम्याचा पंप दोनदा ओढायला दिला.

१८ डिसेंबर, बुधवार

एक विचार आला आहे. इथेच लिहिते, दुसरं कोणाला सांगणार?

अंगणवाडी. चावी माझ्याकडे. व्हाळाच्या अलीकडे आहे, म्हणजे गावातच. पण पलीकडचा माळ तिथून हाकेवर. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, दार घट्ट लागतं. तिथे निजवलं तर पलीकडचा सगळा गलबला ऐकू येईल — ढोरांच्या घंटा, भजनं, पोरं. ह्यांना वाटेल आपण माळावरच, कुठल्याशा पक्क्या खोलीत. बघू तर शकत नाहीत.

घरीच दार लावून राहिलो तर? छे. आपली खाट, आपला समुद्र — एका क्षणात ओळखतील.

आणि गावाला सांगायचं, आम्ही कुडाळला चाललो.

गावपळणीत गावात राहायचं! आजवर कोणी केलं नाही असं. पण माळावर नेलं तर हे परत येणार नाहीत. हे मला पक्कं ठाऊक आहे, देवाला असो नसो.

२० डिसेंबर, शुक्रवार

दत्तप्रसादला बोलावलं. रिक्षा चालवतो, लहानपणी माझ्याच अंगणवाडीत नाक पुसायला शिकला. ओटीवर हळू आवाजात सांगितलं, हे आत निजले होते. पोरगा पांढराफटक पडला. "बाई, गावात रवाचा? देव..."

"देवाचं मी बघते. तू रिक्षाचं बघ."

मी म्हटलं, गॅसची शेगडी नि सिलिंडर पण ने. त्याने डोकं चालवलं. "कुडाळाक जातत नि सिलिंडर कित्याक व्हयो, असा कोण विचारल्यान तर?" खरं होतं. मग थर्मास दोन, गोधड्या पाच, पेज, फरसाण, औषधं. चुलीचे तीन दगड तिथे मागच्या बाजूला आहेत, लाकडंही आहेत. काडेपेटी पिशवीत टाकली.

ह्यांना सांगितलं — माळाच्या कडेला पंपाची खोली आहे, ती आपल्याला दिली. गावाला — कुडाळ. प्राजक्ताला — पक्की जागा मिळाली, काळजी नको. तीन ठिकाणी तीन थापा! आणि पोरांना शिकवते खरं बोलावं.

संध्याकाळी शेजारच्या रूपालीकडे कोंबड्या ठेवायला गेले. परत आले तर दाजी ह्यांच्याजवळ बसलेला. दाजीला कुडाळ सांगितलंय नि ह्यांना पंपाची खोली. दोघे बोलले की माझं बिंग फुटलं! पण दोघे गप्प होते. दाजी उठला, "बरा, येतंय" म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गेला. कुडाळला चाललो म्हणून रागावला असेल. विषय निघाला नाही हे नशीब.

२२ डिसेंबर, रविवार

निघालो. सकाळपासून गाव रिकामा होत होता. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, मागे मांजराला पिशवीत घातलेली रूपाली. दारोदार कुलपं. मी सगळ्यांना हात करत होते — येतो हां कुडाळहून!

रिक्षा तिठ्यापर्यंत नेली, तासभर तिथे थांबलो, मग आडवाटेने मागून अंगणवाडीवर. दत्तप्रसादने ह्यांना पाठुंगळी घेतलं. आदल्या दिवशी मी फिनेल ओतून फरशी धुतली होती. खडूचा नि खिचडीचा वास ह्यांच्या नाकाला कळला असता. पोरांच्या सहा सतरंज्या एकावर एक घातल्या, वर गोधड्या.

ह्यांनी भिंत चाचपली. दप्तरं अडकवायच्या खुंट्या हाताला लागल्या, गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"बरी आसा गो खोली," म्हणाले.

पलीकडे ढोल वाजत होता. पोरं ओरडत होती. हे ऐकत होते. तोंडावर हसू होतं. मला वाटलं, जमलं.

२३ डिसेंबर, सोमवार

नाही जमलं.

ही खोली माळापेक्षा गार आहे. हे माझ्या डोक्यात आलंच नाही! घरात चुलीची भिंत होती. इथे चूल पेटवायची कशी? अंगणवाडीतून धूर निघाला की पलीकडून अख्खा गाव बघणार. वीज नावाला, मीटर दोन वर्षं बंद. थर्मासमधलं पाणी रात्रीच कोमट झालं. फरशीतून गारवा वर येतो, सहा सतरंज्यांमधून येतो. आणि फटीतून दिसतं — माळावर प्रत्येक खोपीपुढे शेकोटी. दहा-बारा तरी. माणसं हात शेकत बसलीत, हसतात. उघड्यावर ती उबेत आणि चार भिंतींत आम्ही गारठलेलो!

ह्यांचे पाय बर्फ. मी पदराने चोळले, मग पोटाशी धरून बसले.

"चूल पेटव गो," दुपारी म्हणाले.

मी म्हटलं, इथे पेटवायला बंदी आहे, पंपाची खोली आहे.

"पेटव. कोण कायएक बोलूचा नाय."

"तुम्हाला काय ठाऊक लोक काय बोलतात ते?" खेकसलेच मी. भीतीने. थोड्या वेळाने हे म्हणाले, "माका थंडी नाय गो वाजत." दात वाजत होते.

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ठरवलं, घरी जायचं. आपल्या गॅसवर पाणी तापवून दोन्ही थर्मास भरून आणायचे. वीस मिनिटांची वाट. गावात कोण आहे बघायला? हे डुलकीत होते. निघाले.

देवळाच्या वळणापर्यंत गेले. पुढे पाय उचलेना. एक आवाज नाही. कुत्रं नाही, कोंबडा नाही, कोणाच्या घरात रेडिओ नाही. फक्त माडांची सळसळ. गेली एकतीस वर्षं घरोघरी फिरून मी बायांना सांगत आले, अंगारे-धुपारे नकोत, डॉक्टरकडे चला. आणि तीच मी भर उन्हात वळणावर उभी राहून थरथरत होते. रिकामे थर्मास घेऊन परत पळत आले. भ्याड मेली!

आल्यावर हे जागे होते. "खंय गेल्लंस?" म्हटलं, पाण्याला. त्यांनी हात पुढे केला, मी तो काखेत धरून बसले.

संध्याकाळी पलीकडे भजन सुरू झालं. दाजीचा आवाज! ओळखला नाही असा ह्या किनाऱ्यावर कोणी नसेल. मी आधी सांगितलं होतं, दाजी देवगडला गेलाय, म्हणून भेटायला आला नाही. आता कसं सावरू? पण ह्यांनी काही विचारलं नाही. मांडीवर बोटांनी ठेका धरला, जमेल तेवढा.

खोकल्यातून आता पिवळं पडतं. एक रात्र राहिली. एकच. उद्या कौल झाला की दत्तप्रसाद येईल, घरी जाऊ, न्हाणीची चूल पेटवीन, सगळी लाकडं घालीन.

२५ डिसेंबर, बुधवार

कौल झाला नाही.

दत्तप्रसादचा फोन आला, कुजबुजत. देवाने परत यायचा कौल दिला नाही, आणखी एक रात्र राहायचं. लोक म्हणे खूश आहेत, कोणी कोंबडं कापलं. "बाई, मी येव काय रात्री?" म्हटलं, नको, रिक्षाचा दिवा माळावरून दिसेल. सकाळी ये.

का म्हटलं मी नको?

मी माझी साडी सोडून तीही त्यांच्यावर घातली, परकर-पोलक्यावर बसले आहे. अंगावर घालायला आता भिंतीवरचा फळांचा तक्ता तेवढा राहिला. लिहिताना अक्षर हलतं. हे हाक मारतात. मला नाही, आईला मारतात.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी दत्तप्रसाद. सरळ कुडाळ. ऑक्सिजन लावला. प्राजक्ता रडतेय. मला विचारते, "आई, पक्की जागा होती ना?"

होती गं.

२८ डिसेंबर

नाकातली नळी बाजूला सारून म्हणाले, "आमची गावपळण बरी झाली गो."

मला तिथे उभं राहवेना. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ.

३० डिसेंबर, सोमवार

गेले. पहाटे पाच वाजता. पाय मी धरले होते. शेवटी ऊब होती त्यांना.

३१ डिसेंबर

घरी न्हाणीची चूल विझलेली. कोणी पेटवायला आलं तर मी नको म्हटलं.

५ जानेवारी, रविवार

घर माणसांनी भरलं आहे. रोज कोणी तरी पेज आणतं. रूपाली माझ्या कोंबड्या घेऊन आली आणि त्यांना अंगणात सोडताना माझ्याआधी तीच रडली. गावात कोणी एक शब्द वावगा काढत नाही. कुडाळला कसं होतं, हेसुद्धा विचारत नाही. विचारत नाहीत तेच मला टोचतं. बायका म्हणतात, "देवान सोडवल्यान त्यांका." मी मान हलवते.

देवाने नाही. मी. देवाला चुकवायला गेले आणि त्यांना मारून आले.

डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात काही उरलंच नव्हतं, फार तर महिना गेला असता. मग तो महिना का नाही दिला मी? भिंतीला हात लावून पडले असते की बिचारे!

११ जानेवारी, शनिवार

तेरावं झालं. प्राजक्ता उद्या परत जाईल. खाट अजून त्याच भिंतीला. मला हलवता येत नाही.

दाजी पंगतीत बसला नाही. वाढायला होता, सगळं पाहत होता, पण पानावर बसला नाही. पाच-सहा वेळा माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि काही न बोलता गेला. हे कुडाळला गेले म्हणून रागावला होता, ते मनात राहिलं असेल. जोडीदाराला शेवटचं भेटायला मिळालं नाही, आणि तेही माझ्या थापेमुळे.

सांगून टाकायला हवं. दाजीला तरी. मग गावाने मला वाळीत टाकलं तरी चालेल. ओझं घेऊन मला जगता येणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

दाजीकडे गेले. जाळं विणत बसला होता. म्हटलं, आम्ही कुडाळला गेलो नव्हतो, आम्ही...

"म्हायत आसा माका, वयनी," म्हणाला. "तुमचा नि दत्तप्रसादाचा बोलणा गुण्यान ऐकल्यान होता. त्याच सांजेक माका सांगल्यान — ती माका अंगणवाडीत नेतली, गावाक सांग, कोणी तिकडे बघूचा नाय, ती घाबरतली."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोरासोरांनासुद्धा.

मग जाळं खाली ठेवून म्हणाला, "आमी रोज धूर दिसता काय बघित होताव. दिसलो नाय. म्हटला, थंय ऊब असतली."

काडेपेटी चारही दिवस माझ्या पिशवीत होती.